मानवकेंद्री अभ्यासक्रमातला मानव कोण?

मुंबईत जुलै २०२५ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही संस्था सुरू झाली, आणि सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, गेमिंग व विस्तारित वास्तव या उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. डोळ्यांवर उपकरण चढवून आभासी जगात वावरण्याचे तंत्र आता रीतसर अभ्यासविषय झाले आहे. त्याच्या जोडीला ‘मानवकेंद्री संगणन’ शिकवले जाते. माणसाने यंत्राशी नव्हे, तर यंत्राने माणसाशी जुळवून घ्यावे, हे त्याचे सूत्र. सूत्र निर्दोष आहे. परंतु हा मानव कोण, हे अभ्यासक्रम सहसा सांगत नाही; तो बहुधा ग्राहक असतो.

मुंबईच्या लोकलने गाठता येणाऱ्या बोईसरला उतरले की दुसरा मानव भेटतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०२० मध्ये रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जीव गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषधी कारखान्यातील वायुगळतीने चार कामगारांचा बळी घेतला. आभासी वास्तवाचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे. झडप निकामी झाली, वायू पसरू लागला, तर कोणत्या दिशेने पळावे, हे जीव धोक्यात न घालता पुन्हापुन्हा गिरवता येते. आणि परप्रांतातून कालच आलेल्या कंत्राटी मजुराला ते त्याच्याच भाषेत शिकवता येते. मात्र तेच उपकरण कामगाराची नजर, मान आणि हात यांची प्रत्येक हालचाल टिपूही शकते. त्या नोंदी कोणाच्या हाती राहतील, यावर ते संरक्षक ठरेल की मुकादम, हे अवलंबून आहे.

कोळगावला २०२१ साली जिल्हा मुख्यालयाची भव्य वास्तू उभी राहिली. परंतु शासनाची गाठ पडते ती आता पडद्यावर. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या मजुराला यंत्र ओळखत नाही, तेव्हा दोष बोटांचा ठरतो, यंत्राचा नव्हे. वारली किंवा कातकरी बाईला प्रमाण मराठीतला अर्ज उमगला नाही, तर तिला अडाणी म्हटले जाते. मानवकेंद्री संगणनाचे याहून जिवंत प्रात्यक्षिक कोणत्या प्रयोगशाळेत मिळणार?

ही कल्पना कंपन्यांच्या विक्री विभागांत जन्मली नाही, हेही ध्यानात घ्यावे. नॉर्वेतील संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९७० नंतरच्या काळात लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले आणि नव्या यंत्रणेविषयी कामगारांनी स्वतः अभ्यास करून मत बनवावे, असा आग्रह धरला. इंग्लंडात ल्यूकस एरोस्पेसच्या कामगारांनी १९७६ साली समाजोपयोगी उत्पादनाची पर्यायी योजना मांडली. तिच्या पुरस्कर्त्यांपैकी माइक कूली यांनीच पुढे मानवकेंद्री यंत्रणांचा विचार विस्ताराने मांडला. कंपनीने त्यांना १९८१ साली कामावरून काढले होते. श्रमिकांच्या चळवळीतून आलेला हा शब्द आज बाजाराच्या ओसरीवर जाऊन बसला आहे.

तो परत आणावयाचा, तर अभ्यासक्रमाला विरोध करून भागणार नाही. तसा विरोध चळवळीतील काही मंडळी उत्साहाने करतील, आणि ते सोपेही आहे. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. हे प्रशिक्षण तारापूरच्या कारखान्यांत आणि जिल्ह्यातील सरकारी खिडक्यांवर व्हावे, विद्यार्थ्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना कामगार प्रतिनिधींचे मत घेतले जावे, आणि कामगारांच्या हालचालींच्या नोंदी त्यांच्या संमतीविना मालकाकडे जाऊ नयेत, अशी मागणी करता येईल. विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य आहेत. या ठरावाचा मसुदा बोईसरच्या कामगार संघटनांनी तयार करून पुढील बैठकीपूर्वी त्यांच्या हाती द्यावा.