नल्लूरच्या चिंचा कोणाच्या?

बंगळूरमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे मुलाबाळांकडे जाऊन-येऊन असणाऱ्या मराठी कुटुंबांचं देवनहळ्ळीशी नातं बहुतेक वेळा टॅक्सीपुरतंच असतं. 2008 साली विमानतळ इथे आला आणि तेव्हापासून देवनहळ्ळी म्हणजे ‘किती वाजता निघायचं?’ एवढंच उरलं. हे टिपू सुलतानाचं जन्मगाव. इथल्या चकोत्याला, म्हणजे आपल्या पपनसाला, भौगोलिक मानांकन आहे. हे दोन्ही कुणी सांगितलं तर आपण ‘हो का?’ म्हणतो आणि बॅगा उतरवायला लागतो. या वेळी वाचकहो, बॅगा गाडीतच राहू द्या. विमानतळाच्या पलीकडे नल्लूर नावाचं गाव आहे, तिथलं चिंचेचं बन तुम्हाला दाखवायचं आहे.

साधारण 54 एकरांचं हे बन. झाडं तीनशेच्या आसपास. बुंधे असे, की दोघातिघांनी हात धरून कवेत घ्यावेत. काही आतून पोकळ झालेले, तरी वर पालवी. चोळ राजांच्या काळातली, आठशे वर्षांपूर्वीची ही झाडं, असं गावात सांगतात. गावच्या आठवणीतलं वय आणि लाकडाचं वय यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. पण एका झाडाचं वय शास्त्रीय पद्धतीने मोजलं तेव्हा ते 410 वर्षांच्या घरात निघालं. म्हणजे शहाजीराजे जहागीरदार म्हणून बंगळूरला आले, त्याआधीपासून ते झाड उभं आहे. गंमत अशी, की चिंच मूळची आफ्रिकेतली. अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटलं, त्यावरून तिचं इंग्रजी आणि शास्त्रीय नाव पडलं आणि ती कायमची आपली झाली. आमटीत, चटणीत, सारात ती नसेल तर आपलं स्वयंपाकघर अडून बसेल.

2007 साली कर्नाटक सरकारने या बनाला ‘जैवविविधता वारसा स्थळ’ जाहीर केलं. भारतातलं हे पहिलं. 2002 च्या जैवविविधता कायद्यातलं 37 वं कलम त्यासाठी वापरलं गेलं. या कलमातली एक गोष्ट मला फार आवडते. वारसा स्थळ जाहीर करताना राज्य सरकारने स्थानिक संस्थांशी, म्हणजे ग्रामपंचायतीसारख्या संस्थांशी, विचारविनिमय करायचा असतो. अभयारण्यासारखं ‘आता तुम्ही बाहेर’ असं इथे नाही. लोकांचे चालत आलेले व्यवहार चालू राहतात, बंधनं घालायची तर लोकांनी स्वतःहून ठरवून घालायची. याच कायद्याच्या 41 व्या कलमाने प्रत्येक स्थानिक संस्थेत ‘जैवविविधता व्यवस्थापन समिती’ असायलाच हवी, आणि 2004 च्या नियमांनी त्या समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात असं सांगितलं.

कागदावर इतकं छान. बनाचं काय? नल्लूरच्या बातम्या अधूनमधून येतात त्या दुर्लक्षाच्या, उन्मळून पडलेल्या झाडांच्या, फांद्यांवर चढलेल्या बांडगुळांच्या. ज्यांच्या घराच्या अंगणात जुना आंबा आहे त्यांना बांडगूळ म्हणजे काय ते सांगायला नको. ते वेळेवर, फांदीच्या मुळापासून तोडावं लागतं, आणि दरवर्षी पाहावं लागतं. त्यासाठी शिडी, कोयता आणि झाडावर चढणारा माणूस लागतो. राजपत्रातल्या अधिसूचनेने ते खाली पडत नाही. बनाच्या चिंचा विकून पोट भरणारं, पडलेल्या झाडाजागी रोप लावणारं, बाटल्या फोडायला येणाऱ्या टोळक्याला हटकणारं कुणी उरलं नाही, की वारसा स्थळाची पाटी तेवढी शिल्लक राहते.

आता त्याच तालुक्यातली दुसरी गोष्ट. चन्नरायपट्टण होबळीतल्या 13 गावांची 1,777 एकर जमीन विमान आणि संरक्षण उद्योगांच्या पार्कसाठी घ्यायचं 2022 च्या सुरुवातीला ठरलं. जमीन नाचणीची, तुतीची, द्राक्षांची, भाजीपाल्याची. ही शेतं कुठल्याही वारसा यादीत नव्हती. शेतकरी एप्रिल 2022 मध्ये धरण्याला बसले आणि तीन वर्षांहून अधिक काळ उठले नाहीत. मधल्या काळात राज्यातलं सरकार बदललं. जून 2025 मध्ये सरकारने तीन गावांची 495 एकर सोडून बाकीची घेतो म्हटलं. हे ऐकून वगळलेल्या गावांनी घरी जायला हवं होतं, नाही का? ती गेली नाहीत. 15 जुलै 2025 ला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सगळं भूसंपादन मागे घेतल्याचं जाहीर केलं. ज्याला स्वखुशीने द्यायची त्याने द्यावी, एवढी खिडकी मात्र ठेवली. उद्योग नकोत असं कुणी म्हणणार नाही. विमानतळ झाला म्हणून आपण दोन तासांत पुण्याला पोहोचतो, हे मीही विसरत नाही. पण नाचणी पिकवणाऱ्या माणसाला विचारायचं की फक्त कळवायचं, हा प्रश्न तिथे सुटला, आणि तो बसून राहिलेल्या लोकांनी सोडवला.

बनाला कायदा होता, शेतांना माणसं होती. दोन्ही एका ठिकाणी आल्याची उदाहरणं शोधायला आपल्याला महाराष्ट्रात जावं लागेल. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने वर्षानुवर्षं सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली होती. म्हणून 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा त्याचं काय करायचं हे गावाला माहीत होतं. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गाव आपला बांबू आपण विकू लागलं. सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल 2021 साली वारसा स्थळ झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती भालांडेश्वराची देवराई म्हणून राखली गेली होती. पाटी नंतर आली.

बंगळूर आणि देवराई यांना जोडणारा एक मराठी माणूसही आहे. पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ. त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या आणि पुढची तीन दशकं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलं. गावातल्या झाडापेडांची, माशांची, बियाणांची, औषधांची माहिती गावानेच लिहावी, ही ‘लोक जैवविविधता नोंदवही’ची कल्पना त्यांनी रुजवली आणि ती कायद्यात आली. आज देशात अशा अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या आहेत. मात्र आकडा एवढा का फुगला, तेही ऐका. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि त्यानंतर चुकणाऱ्या राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरायला सांगितले. मग वह्या भराभर तयार झाल्या. ज्या आजींना बाळंतिणीची पालेभाजी कुठल्या बांधावर मिळते हे ठाऊक आहे, त्यांना किती ठिकाणी विचारलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

तुमच्या गावची नोंदवही तुम्ही पाहिली आहे का? मे महिन्यात गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन ती मागा. देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. मुलांना बरोबर न्या आणि वही घरच्या मोठ्या माणसांसमोर उघडा. कुठलं झाड राहून गेलं, कुठल्या ओढ्याचं नाव चुकलं, हे ती दहा मिनिटांत सांगतील. ते लिहून समितीला द्या, पोच घ्या आणि समितीत कोण-कोण आहे ते विचारा. अनेकदा त्या सदस्यांनाच आपण सदस्य असल्याचं पहिल्यांदा कळतं! एखादा व्यापारी गावातून औषधी साल किंवा फळं गोळा करून नेत असेल, तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार या समितीला आहे, हेही त्यांच्या कानावर घाला. शहरात राहत असाल तर महापालिकेचीही अशीच समिती असते. शिवाय महाराष्ट्रातल्या शहरांत 50 वर्षांवरच्या झाडाला 2021 पासून वारसा वृक्षाचा दर्जा आहे. सोसायटीतल्या पिंपळाचं वय ठाऊक असलेले आजोबा अजून तिसऱ्या मजल्यावर राहतात, तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या.

आणि बंगळूरकरांनो, पुढच्या खेपेला पाहुण्यांना सोडायला विमानतळावर जाल तेव्हा दोन तास हाताशी ठेवून नल्लूरला जा. हुणसे तोपु, म्हणजे चिंचेचं बन, कुठे म्हणून विचारलंत की गावात कुणीही दाखवेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर दोन वेगळ्या झाडांखाली पडलेलं एकेक बोटुक उचलून चाखा. चव सारखी लागते का ते मुलांना ठरवू द्या.