निरंक

बँकेत उभी हयात काढल्यामुळे ‘निरंक’ या शेऱ्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. कुत्र्याच्या हृदयजंताची रक्ततपासणी घ्या. डासामार्फत शिरलेला हा जंत प्रौढ व्हायला सुमारे सहा महिने लागतात, आणि चाचणी शोधते ती प्रौढ मादीची रक्तात उतरलेली प्रथिने. त्याआधी अहवाल निरंकच. पुढेही कधी कुत्र्याचीच प्रतिद्रव्ये त्या प्रथिनांना चिकटून त्यांना झाकतात. सीरम तापवले की ही गाठ सुटते. मात्र तापवल्यावर कधी दुसऱ्याच जंतामुळे होकार येतो. म्हणून सरसकट नको. पण लक्षणे एक आणि अहवाल दुसरेच सांगत असेल, तर जरूर तापवावे. मुके जनावर तक्रारअर्ज देत नाही. फेरतपासणी आपणच मागायची.