टॅकोमाचा पूल 'रेझोनन्स'ने पडला नाही

१/ नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांत 'रेझोनन्स' आला की मागोमाग टॅकोमाचा पूल येतोच. ७ नोव्हेंबर १९४०, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य, चित्रफितीत ओल्या फडक्यासारखा पिळवटणारा रस्ता. फळ्यावर एका ओळीत कारण: वाऱ्याची कंप्रता पुलाच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली. विद्यार्थी ओळ उतरवून घेतात. ही ओळ चुकीची आहे, आणि तिच्यावरील आक्षेप १९४१ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

२/ लातूर पॅटर्नने मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडली, हे नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. आक्षेप एवढाच की चार पर्यायांच्या मापात न बसणारे कारण येथे कापून बसवले जाते.

३/ आधी पूल कसा होता ते पाहू. मधला गाळा ८५३ मीटर, रुंदी जेमतेम १२ मीटर. क्लार्क एल्ड्रिज यांच्या मूळ आराखड्यात रस्त्याला ताठरपणा देण्यासाठी सुमारे साडेसात मीटर उंचीची जाळीदार कैची होती. लिऑन मॉयसेफ यांनी तिच्या जागी अवघ्या २.४ मीटर उंचीची भरीव पोलादी तुळई सुचवली. खर्च वाचला, पूल देखणा झाला. जाळीतून वारा निघून जातो. भरीव पत्र्यावर तो अडतो, वरखाली फुटतो आणि भोवरे सोडतो. १ जुलैला पूल खुला झाला तेव्हापासूनच तो लाटांसारखा हिंदकळत होता.

४/ त्या सकाळी वारा ताशी सुमारे ६८ किलोमीटर होता. वादळ म्हणावे असे काही नव्हते. दहाच्या सुमारास मध्यावरील केबलची पकड निसटली आणि वरखाली हलणारा रस्ता एकाएकी डावी-उजवीकडे पिळवटू लागला. आता आकडे पाहा. त्या वेगाला तुळईमागून भोवरे सेकंदाला साधारण एक या गतीने सुटत होते. पूल मात्र पाच सेकंदांत एकदा पिळवटत होता. मग जुळले काय?

५/ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची सैल ताडपत्री आठवा. वारा एकसारखा वाहत असतो, कुणी तालात धक्के देत नसते, तरी ती फडफडते. कारण तिचे हलणेच तिच्यावरील वाऱ्याचा दाब बदलते आणि तो दाब तिला आणखी हलवतो. टॅकोमाला हेच झाले. याला 'फ्लटर' म्हणतात. एरवी हालचाल विझवणारे अवमंदन येथे उलटे होते आणि प्रत्येक पीळ वाऱ्यातून थोडी ऊर्जा ओढून घेतो. झोक्याला वेळेवर धक्का देणारा बाहेरचा हात येथे नाहीच.

६/ संक्षुब्ध वाऱ्याचे काय? त्याचे झोत पुलाला हादरे देतात, हे खरे. ते वाऱ्याबरोबर वाढतात आणि ओसरतात. थकव्याच्या आणि सुखकर वाहतुकीच्या दृष्टीने त्यांचा हिशोब करावाच लागतो. पण फ्लटरला संक्षोभाची गरज नसते. गुळगुळीत, एकसारख्या वाऱ्यातही ठरावीक वेग ओलांडला की ते सुरू होते. उलट संक्षोभ कधीकधी भोवऱ्यांची शिस्तच मोडतो.

७/ अमान, फॉन कारमान आणि वुडरफ यांच्या चौकशी समितीने १९४१ मध्येच भोवऱ्यांशी अनुस्पंदन ही शक्यता फार दूरची ठरवली. दोष तिने संक्षुब्ध वाऱ्याच्या अनियमित माऱ्यावर टाकला, जो पुढे अपुरा ठरला. १९९१ मध्ये बिल्ला आणि स्कॅनलन यांनी भौतिकशास्त्राच्या अध्यापकांच्याच नियतकालिकात पाठ्यपुस्तकांची ही चूक नावानिशी मांडली. त्यालाही आता तीन दशके उलटली.

८/ शिवाय हे पहिले प्रकरण नव्हते. ब्रायटनचा साखळी-धक्का १८३६ मध्ये आणि व्हीलिंगचा पूल १८५४ मध्ये वाऱ्यानेच मोडला होता. रोबलिंग यांनी ताठरपणा आणि तिरपे ताण देऊन त्यावर उपायही केला. पुढच्या पिढीने सडपातळपणाच्या मोहात तो विसरला. 'रेझोनन्स'च्या ओळीत हा विसर दिसत नाही, मॉयसेफ यांची तुळई दिसत नाही, वाचवलेला पैसा दिसत नाही. दिसतो फक्त दुर्दैवी योगायोग.

९/ ही सवय आपल्याकडेही अंगवळणी पडली आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल तुटला, १३५ माणसे गेली. तेथे वाऱ्याचा संबंध नव्हता. लगेच पूल हलवणाऱ्या पोरांच्या चित्रफिती फिरल्या आणि समाजमाध्यमांवर 'रेझोनन्स'चे तज्ज्ञ उगवले. विशेष तपास पथकाला मात्र मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजून तुटल्यासारख्या आढळल्या. गंजाला कंप्रता नसते. देखभालीचा करार असतो आणि त्यावर सह्या असतात.

१०/ टॅकोमाला १९५० मध्ये नवा पूल उभा राहिला. सुमारे दहा मीटर उंचीची जाळीदार कैची, रस्ता अधिक रुंद आणि मध्ये वारा आरपार जाईल अशा जाळ्या. शिक्षकांनी त्याचे छायाचित्र जुन्या चित्रफितीशेजारी लावावे आणि मुलांना विचारावे: या जाळ्या कशासाठी? त्या प्रश्नाला चार पर्याय देऊ नयेत.