आदेश आणि स्थानी

परवां हर्सूलच्या आमच्या ओसरीवर एक जुना विद्यार्थी आला. लेथवर काम करणारा, हाताचा कुशल. एका लहान विमानाच्या इंधननळीतील झिजलेल्या रबरी कड्याऐवजीं त्यानें मोटारीच्या जुन्या ट्यूबमधून तसेंच कडें कापिलें होतें.

“गुरुजी, मापांत केसाएवढा फरक नाहीं.”

आम्ही तें रात्रभर वाटीभर पेट्रोलांत ठेवविलें. सकाळीं तें फुगून लिबलिबीत झालेलें! असें कडें इंधनाची वाट अडवील, आणि आकाशांत गाडी कडेला घेण्याची सोय नाहीं.

व्याकरणांत स्थानीच्या जागीं आलेल्या आदेशास स्थानीचे धर्म बहुधा आपोआप लाभतात. (अपवाद तेथेंही आहेतच.) कारखान्यांतील धातूंस मात्र पाणिनि लागू नाहीं.

घरगुती म्हणून आम्ही नाक मुरडीत नाहीं. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनीं विमान बांधिलें. त्याची सरकारी नोंदणी २०१७ सालीं झाली. राइट बंधूंचें एंजिन चार्ल्स टेलरनें सायकलच्या दुकानांत घडविलें. १९०३ च्या फेब्रुवारींत चाचणींतच त्याचें ओतीव कवच फुटलें व दुसरें ओतवावें लागलें. पण फुटलें तें जमिनीवर.

विद्यार्थी आतां पेट्रोल सोसणाऱ्या नायट्राइल रबराच्या शोधांत आहे. तपासनिसाच्या सहीवांचून कडें बसवावयाचें नाहीं, हें आम्ही त्याजकडून कबूल करून घेतलें. ती वाटी मात्र अद्याप स्वयंपाकघरांत परत गेलेली नाहीं.