कमरेवरचा काळा पट्टा

यवतमाळच्या कापूस पट्ट्यात उभी हयात शेतात राबलेल्या बायांच्या कमरेवर नाडीच्या जागी काळा, जाडसर पट्टा सर्रास दिसतो. वयानं होतंच, म्हणून तो अंगावर काढला जातो. नाहीतर उजळवणारं मलम येतं. माझ्या मते दोन्हींत मूळ कारण तसंच राहतं. अरुंद नाडी वर्षानुवर्षं एकाच रेषेवर करकचून आवळलेली असते, तिच्यावर निऱ्या खोचलेल्या असतात आणि वेचणीच्या दिवसांत त्याच कमरेवर कापसाच्या ओटीचा भार येतो. उन्हाळ्यात घामाचं मीठ तिथेच वाळतं. कातडी घासली की आतून दाह होतो, दाहामुळे रंगद्रव्य जास्त तयार होतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत ते लवकर साचतं. घर्षण थांबलं तर वरच्या थरातला काळेपणा काही महिन्यांत फिकट होऊ लागतो. खोलवर उतरलेला डाग मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतो.

दुर्लक्ष केलं तर हे कुठवर जाऊ शकतं, ते शेजारच्या वर्ध्यातील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारच्या मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दाखवलं. सत्तरीच्या एका बाईच्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. साठी उलटलेली दुसरी बाई ४० वर्षं परकराविना लुगडं घट्ट नेसत आली होती. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत पसरला होता. दोन रुग्णांवरून घबराट कशाला, असं कुणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. असा कर्करोग विरळाच. प्रत्येक काळा पट्टा त्या वाटेनं जात नाही. पण खाज, चिरा, चिघळणं आणि वर्षानुवर्षांची आग यांनाही तेच घर्षण कारणीभूत आहे, आणि तेवढंच कारण हालचाल करायला पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप शेतातल्या कामाचा. नाडी सैल केली तर वाकून काम करताना लुगडं सुटेल, ही अडचण खरीच आहे. म्हणून नुसतं ‘सैल बांधा’ सांगून भागणार नाही. दोरीऐवजी तीन-चार बोटं रुंद सुती पट्टा लावला तर ताण पसरतो आणि पकडही राहते. गाठीची जागा रोज थोडी वर-खाली करावी, घरी आल्यावर नाडी सैल सोडावी, घाम धुऊन कमर कोरडी करावी, घासणाऱ्या भागावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. वजरीनं घासणं आणि लिंबू-सोडा चोळणं बंद करावं. त्यानं दाह वाढतो आणि डाग गडद होतो. मलमाबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. पटकन उजळवणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. ते मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते फोफावतं. २०१८ मध्ये केंद्रानं अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच गैरवापरामुळे. मान-काखेतली कातडी मखमलीसारखी जाड-काळी होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. तिथे कारण वेगळं असू शकतं.

तेव्हा मागणी साधी आहे. तिशीपुढच्या बायांची रक्तदाब, साखर आणि कर्करोगासाठी सरकारी तपासणी होते, तेव्हाच ‘कमरेवर जखम आहे का?’ हा एक प्रश्न विचारला जावा. तीन-चार आठवड्यांत न भरणारी, कडा जाड झालेली किंवा रक्त येणारी जखम असेल, तर त्या बाईला मलमावर न ठेवता यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तुकडा तपासणीसाठी पाठवावं. आणि शिवणकाम करणाऱ्या बचत गटांनी रुंद पट्ट्याचे परकर शिवायला घ्यावेत. याला मोठा निधी लागत नाही. लागते ती बाईच्या अंगावरच्या दुखण्याला दुखणं मानण्याची तयारी, आणि ती आशाताईंपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळ्यांनी दाखवायला हवी.