तक्रारीचे वजन

"आपल्या भागाचं काही खरं नाही." आपल्या जिल्ह्यात हे वाक्य जितके ऐकू येते, तितके दुसरे एखादे क्वचितच ऐकू येत असेल. एस.टी.च्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही दोन माणसे भेटली की बोलणे फिरून फिरून इथेच येते. पाऊस नाही, कारखाने नाहीत, नोकऱ्या नाहीत. पुढाऱ्यांना फुरसत नाही आणि पुण्या-मुंबईला आपली आठवण नाही. त्यातून कला शाखेचा विद्यार्थी असला की त्याचे स्वतःचे एक दुःख वर असतेच: "बी.ए. करून काय होणार?"

मित्रहो, यातली एकही तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे, हे शाळेच्या भूगोलातच आपण शिकलो. 2018 साली केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या देशातील जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून निवड केली, त्यांत महाराष्ट्रातील चारांपैकी एक तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव होता. भरल्या पोटी येऊन "रडू नका, प्रयत्न करा" असा उपदेश करणारे व्याख्याते आपण पुष्कळ ऐकले आहेत. त्यांच्या रांगेत जाऊन बसण्याची मला हौस नाही. माझा प्रश्न निराळा आहे. तक्रार तर सगळेच करतात. मग एकाची तक्रार वाऱ्यावर उडून जाते आणि दुसऱ्याच्या तक्रारीला वजन येते, ते कशाने?

आधी आपल्या वाट पाहण्याकडे पाहू. आपल्यापैकी निम्म्यांचे आयुष्य आज 'जाहिरात निघेल' या दोन शब्दांवर टांगलेले आहे. जाहिरात निघेल, मग पूर्व परीक्षा, मग मुख्य, मग निकाल, मग नियुक्ती. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आणि बहिणीचे लग्न व्हायचे आहे, त्याने सरकारी नोकरीची आस धरली तर त्यात गैर काय? अभ्यास जरूर करावा. परंतु ही वाट पाहता पाहता आपण बाकी सारे जगणेच तहकूब करून ठेवतो, हे मला खटकते. वाचन नंतर, गावातले काम नंतर, मनातली आवड नंतर! विचारले तर उत्तरे ठरलेली असतात: "परवानगी कोण देतो?", "साधनं कुठं आहेत?", "आपल्याला कोण विचारतो?" या तिन्ही सबबींना आपल्याच जिल्ह्याच्या मातीत उत्तरे सापडतात.

पहिली सबब परवानगीची. लोहारा तालुक्यातील हिप्परगा हे गाव आपल्यापैकी अनेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिले असेल. तिथे 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. काळ निजामी राजवटीचा होता. सभा-संमेलनांवर बंधने होती, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते आणि रयतेने स्वतःच्या भाषेत शाळा काढावी हे दरबाराला रुचणारे नव्हते. अशा राज्यात, रेल्वेपासून दूर असलेल्या एका खेड्यात, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी शाळा उभी केली. पुढे 1929 च्या सुमारास तिथे एक तरुण शिक्षक आले. मुंबई-दिल्लीकडे ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेले हे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच नंतरचे स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्याहून 1935 साली ते अंबाजोगाईला गेले, आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, हा इतिहास दरवर्षी 17 सप्टेंबरला आपण ऐकतो. ऐकत नाही ती गोष्ट एवढीच, की 1948 च्या सत्तावीस वर्षे आधी या भागातल्या कुणीतरी वर्ग भरवायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर शाळा काढू, असे ते म्हणत बसले नाहीत.

दुसरी सबब साधनांची. संत गोरोबाकाकांचे तेर आपल्याला माहीत असते ते यात्रेसाठी. पण तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. दोन हजार वर्षांपूर्वी इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे, याची नोंद 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तेरणेकाठच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यात काही ना काही वर येई: मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती. शेकडो वर्षे लोकांनी ते पाहिले आणि पायाने बाजूला सारले. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र ते उचलून जपायला सुरुवात केली. ते काही पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते, त्यांच्या हाती विद्यापीठाचे अनुदान नव्हते. एक-एक वस्तू करता हजारो वस्तू जमल्या आणि तो संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला. आज तेरला त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत 1938 साली सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. देशोदेशीच्या विद्वानांना ज्या गावाची वाट धरावी लागते, त्या गावाचा ठेवा एका गावकऱ्याच्या सवयीमुळे हाती राहिला! आपल्यातले इतिहासाचे किती विद्यार्थी तिथे एकदा तरी जाऊन आले आहेत?

आणि तिसरी सबब, "आपल्याला कोण विचारतो?" हिचे उत्तर आपल्या आया-मावश्यांनी दिलेले आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोलाचे आहे.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटे कमी. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीचे नाव जगभर गेले. आपल्या बाजूला सास्तूर आणि आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. माणसे मारली ती धरणीइतकीच घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, दोन्ही तोंडांच्या मध्ये नुसती भर, आणि वर मातीचे जड माळवद. धक्क्यासरशी भिंती फाकल्या आणि माळवद खाली आले.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम आला. सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. पण त्यांखेरीज शेकडो गावांत घरे पडली नव्हती, तडकली होती. तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकानेच करायचे आणि पैसा हप्त्याहप्त्याने मिळायचा, असे ठरले. कागदावर योजना चांगली होती. गावात मात्र तक्रारींना पूर आला. कुणाला हप्ता कळेना, कुणाला नकाशा कळेना, आणि साहेब आला की बोलायचे ते चावडीवरच्या चार पुरुषांनी. अशा वेळी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून काम मिळाले. ज्या बाईने साहेबापुढे कधी पदर खाली घेतला नव्हता, ती भिंतीत आरपार दगड का घालायचा, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला आधार का द्यायचा, माळवदावरची माती का कमी करायची, हे शिकली आणि शेजारणीला सांगू लागली. काही जणींनी तर गवंड्याची थापी हातात घेतली.

इथे तक्रारीचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. ती संपली नाही, ती बदलली. "आमच्याकडं कुणी बघत नाही" याच्या जागी "दुसरा हप्ता अडला आहे, कुणाच्या टेबलावर आहे?" असा प्रश्न आला. पहिल्या वाक्याला कोणताही अधिकारी मान हलवून निघून जाऊ शकतो. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. हेच ते वजन. ते आवाज चढवून येत नाही. काम करणाऱ्याला कामाचे बारकावे कळतात, आणि ज्याला बारकावे कळतात त्याला फसविणे अवघड जाते.

ही शिदोरी पुढेही पुरली. 26 जानेवारी 2001 ला गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या याच खेड्यांतल्या बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. 2012 नंतर ओळीने दुष्काळ पडला, तेव्हा जिल्ह्यातल्या महिला गटांनी घरच्या शेतातला एखादा एकर तुकडा मागून घेतला. त्यात थोड्या पाण्यावर येणारा भाजीपाला, डाळी आणि धान्य मिश्र पद्धतीने घेतले. आधी घरचे ताट, मग बाजार, असा हिशोब ठेवला. या कामासाठी स्वयं शिक्षण प्रयोगाला 2016 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे बचत गटातून पुढे आल्या आणि परदेशांतील व्यासपीठांवर जाऊन शेतकरी बायकांची बाजू मांडू लागल्या. पाऊस मात्र कुणाच्याही प्रयत्नाने वाढला नाही. हात फिरला तो जे आपल्या हातात होते त्यावर.

कुणी म्हणेल, "म्हणजे सरकारने हात झटकायचे आणि सगळे लोकांनीच करायचे का?" आक्षेप रास्त आहे. एकट्या हिप्परग्याच्या शाळेने निजामी राजवट गेली नाही, आणि शासनाचा पैसा आला नसता तर बायकांच्या कष्टाने एवढी घरे उभी राहिली नसती. मागणी सोडून द्या असे मी मुळीच म्हणत नाही. रस्ता, पाणी, वसतिगृह, शिष्यवृत्ती हे आपले हक्क आहेत आणि ते मागितलेच पाहिजेत. परंतु मागणी करणारा आणि कुरकुर करणारा यांत फरक आहे. मागणी करणाऱ्याला काय हवे ते नेमके ठाऊक असते, कारण तो त्या कामात उतरलेला असतो. कुरकुर करणाऱ्याला फक्त आपण दुःखी आहोत एवढेच ठाऊक असते. दे रे हरी खाटल्यावरी म्हणणाऱ्याने खाटेची तरी दोरी आवळावी!

मग आपण काय करायचे? कला शाखेच्या विद्यार्थ्याकडे यंत्रे नाहीत, प्रयोगशाळा नाही. पण कान, वही आणि भाषा तर आहे. 1993 साली ज्या विशीत होत्या, त्या संवाद सहायक बायकांनी आज पन्नाशी ओलांडली आहे. त्यांचे अनुभव त्यांच्याच बोलीत टिपून ठेवले तर तो इतिहास होईल, समाजशास्त्र होईल आणि मराठीच्या अभ्यासकाला बोलीचा खजिनाही मिळेल. मुक्तिसंग्राम डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे तर उद्यावर टाकून चालणार नाही. तेरच्या संग्रहालयात एखादा रविवार घालवून शाळकरी मुलांसाठी साधी माहितीपुस्तिका लिहिता येईल. गावातल्या आटलेल्या बारवांची यादी करता येईल. यांतल्या कशालाही जाहिरात निघावी लागत नाही.

गुरुजनांनाही एक विनंती आहे. प्रकल्पकार्याला दरवर्षी तेच ते विषय देण्याऐवजी आम्हांला गावाकडे पाठवा. आमच्या लिखाणात चुका निघतील, त्या दुरुस्त करा. पण वहीत आमची स्वतःची माहिती असू द्या.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्याने ती अवश्य द्यावी. निकाल आपल्या हातात नाही, दरम्यानचे दिवस मात्र आहेत. पुढच्या वार्षिकात 'आपल्या भागाचं काही खरं नाही' असे कुणाला लिहावेसे वाटले तर त्याने जरूर लिहावे. फक्त त्याआधी एखाद्या गावात जाऊन, काय खरे नाही, कशामुळे नाही आणि कुणाच्या टेबलावर अडले आहे, एवढे विचारून यावे. तशी तक्रार छापून आली, तर ती वाचणाऱ्यांत मी पहिला असेन.