नाही म्हणणाऱ्याचं गिऱ्हाईक

घसा धरला की माणूस डॉक्टरआधी आमच्या काउंटरवर येतो. ‘पाचशेची तीन द्या.’ औषधाचं नावही घ्यावं लागत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप आमच्या तालुक्याला तोंडपाठ आहे. जुलाब लागले तर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, त्याही दोनच गोळ्या, कात्रीने स्ट्रिप कापून.

मी डी. फार्म. झालेली, नोंदणीकृत फार्मासिस्ट. आमच्यासाठी शिबिरं भरतात, तिथे वक्ते समजावतात की सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. अहो, हे आम्ही कॉलेजातच शिकलो. खरी अडचण वेगळी आहे. मी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक रस्ता ओलांडतं. समोरच्या मेडिकलमध्ये भिंतीवर कुणाचं तरी भाड्याने आणलेलं प्रमाणपत्र आणि काउंटरला बारावी झालेला मुलगा. तो तेच औषध हसतमुखाने देतो. नकाराचे पैसे कुणी देत नाही. गोळ्यांवरचं मार्जिन मात्र रोज रात्री गल्ल्यात दिसतं.

कायदा नाही असं नव्हे. मार्च 2014 पासून औषध नियमांतलं एच-1 परिशिष्ट लागू आहे. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या रजिस्टरमध्ये लिहायची. ते तीन वर्षं जपून ठेवायचं. कित्येक दुकानांत तपासणीची कुणकुण लागली की हे रजिस्टर एका बैठकीत, एकाच पेनाने भरलं जातं. शिवाय 2014 च्या त्या यादीत अ‍ॅझिथ्रोमायसिन नव्हतंच. ते साध्या एच परिशिष्टातलं. चिठ्ठी तिथेही लागतेच, पण एच-1 चं रजिस्टर नाही.

जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी फार्मासिस्टांना आवाहन केलं, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. आवाहन चांगलंच, पण ते ऐकणारा एकटा पडतो. केरळने त्याच वर्षी ‘अमृत’ मोहिमेत दुकानांवर अचानक छापे घातले, परवाने निलंबित केले, नागरिकांनाही तक्रारीची सोय दिली. नियम सगळ्यांना सारखाच लागला की नकार द्यायला धाडस लागत नाही.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने आमचं रजिस्टर चाळत बसू नये. होलसेलरकडची खरेदीची बिलं काढावीत, दुकानाच्या विक्रीच्या बिलांशी ताळा करावा, आणि त्या बिलांवर डॉक्टरची नावं खरी आहेत का ते पाहावं. दुपारी चार वाजता काउंटरवर फार्मासिस्ट हजर आहे का, हेही.

आणि गिऱ्हाईकहो, चिठ्ठी मागितली म्हणून समोरच्या दुकानात जाऊ नका. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसती सर्दी असेल तर माझ्याकडून पॅरासिटामॉल घ्या आणि घरी जाऊन झोपा.